लाल ठिपक्याला मार्क किती?

मेसवरून परत येताना टपरीवर घेतलेलं खाऱ्या शेंगदाण्यांचं पाकीट तुम्ही कसं फोडता? आधी दोन्ही हातांनी ओढून बघता. नाही फाटत. मग कडेला दातांनी जरासं कुरतडता, आणि तेच पाकीट असं फाटतं की अर्धे शेंगदाणे रस्त्यावर. कापडाच्या दुकानातला माणूस आपल्यापेक्षा हुशार. तो कात्रीनं कडेला छोटीशी खाच मारतो आणि टर्रकन दोन मीटर कापड सरळ फाडून देतो. प्लॅस्टिक तेच असतं, कापडही तेच. फरक पडतो तो त्या खाचेनं.

गेल्या सेमिस्टरला अशाच एका खाचेपायी माझ्या रूममेटची झोप उडाली आणि माझ्या बातमीतलं एक वाक्य उडालं. तेव्हापासून एक मत माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच भांडायला सुरुवात करता येईल. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये सिम्युलेशनच्या रंगीत चित्राला मार्क देणं बंद करा. चित्र चुकलं असेल तर ते आपल्याला कळेल कसं, हे ज्यानं तपासून पाहिलं त्याला मार्क द्या. मग त्याचं उत्तर ‘माहीत नाही’ आलं तरी चालेल.

तुम्ही इंजिनिअरिंगला नसाल तर पान उलटू नका. मी मासकॉमची आहे, बारावीचं फिजिक्स मी देवाच्या भरवशावर काढलंय. मला कळलं म्हणजे तुम्हाला कळेलच.

तर झालं असं. माझी रूममेट मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे काका सांगलीकडे ट्रॅक्टरवर ऊस वाहतात. ट्रॉली ट्रॅक्टरला अडकवायला एक जाड लोखंडी पट्टी असते, तिच्या भोकात पिन बसते. मागच्या हंगामात ती पट्टी भोकाच्या कडेला तडकली. नखाएवढा तडा. गावातला वेल्डर म्हणाला, ‘अजून चालंल की.’ पण भरलेली ट्रॉली घेऊन चढाला लागल्यावर पट्टी तुटली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. हिनं तोच विषय प्रोजेक्टला घेतला: हा तडा किती ओढीला कसा वाढेल, हे कॉम्प्युटरवर काढायचं. काकांनी फोनवर सांगून ठेवलं, ‘तुझं गणित झालं की कळव बाळा, मग ठरवू पट्टी ठेवायची का टाकायची.’

चौघांचा ग्रुप. त्यांनी पट्टीचं मॉडेल बनवलं, भोकाच्या कडेला तडा काढला, एका टोकाला ओढ लावली आणि ‘सॉल्व्ह’वर क्लिक केलं. स्क्रीनवर जे आलं तसलं चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या पोस्टरवर नक्की पाहिलंय. निळी पट्टी, मध्ये हिरवं-पिवळं, आणि तड्याच्या टोकाला लालभडक ठिपका. बाजूला सर्वांत जास्त ताणाचा आकडा: १९० मेगापास्कल. साधं स्ट्रक्चरल पोलाद साधारण २५० मेगापास्कलला कायमचं ताणलं जायला लागतं. १९० हे २५० पेक्षा कमी, म्हणून पट्टी सुरक्षित. चित्र सुंदर होतं, खरंच.

त्याच सुमारास त्यांच्या कॉलेजातल्या प्रोजेक्ट प्रदर्शनाची छोटी बातमी करायला मला पाठवलं होतं. मी लिहिलं, ‘तडा गेलेला जोडही सुरक्षित असल्याचं सॉफ्टवेअरनं सिद्ध केलं.’ डेस्कवरच्या ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘सिद्ध कुणी केलं?’

‘सॉफ्टवेअरनं.’

‘ओढून, तोडून पाहिलं का कुणी?’

‘नाही ताई.’

‘मग?’

ओळ गेली. मला रागच आला होता. एवढं रंगीत चित्र समोर असताना या बाई मला ‘मग?’ काय विचारतात!

आठवड्याभरानं फायनल व्हायवाच्या आधीचं मॉक प्रेझेंटेशन झालं. बाहेरून आलेल्या एका मॅडमनी चित्राकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला: ‘मेश साइज निम्मी केली तर हा आकडा किती येतो?’ चौघंही गप्प.

मेश म्हणजे काय ते सांगते. कॉम्प्युटरला अख्खी पट्टी एकदम सोडवता येत नाही. म्हणून तिचे छोटे तुकडे करतात, जमिनीवर फरश्या बसवाव्यात तसे. प्रत्येक तुकड्यापुरतं सोपं समीकरण लिहायचं, शेजारच्या तुकड्यांशी कोपरे जुळवायचे आणि ती हजारो समीकरणं एकत्र सोडवायची. हीच ती फायनाइट एलिमेंट मेथड. हे नाव रे क्लफ या अमेरिकन प्राध्यापकानं १९६० मध्ये दिलं, आणि आज विमानापासून बाटलीच्या झाकणापर्यंत सगळं या पद्धतीनं तपासलं जातं. फरश्या लहान केल्या की उत्तर सुधारतं, असं शिकवलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते खरंही आहे. फरश्या लहान करत जा, आकडा थोडा थोडा हलत शेवटी एका जागी स्थिरावतो. तो स्थिरावला का, हे पाहणं म्हणजे मॅडमनी विचारलेला प्रश्न.

त्या रात्री आमच्या रूमवर लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा वाजत होता. फरश्या निम्म्या केल्या: २६९. परत निम्म्या: ३८०. पट्टी तीच, ओढ तीच, तडा तोच. तासाभरात ‘सुरक्षित’ची ‘धोकादायक’ झाली होती. अजून बारीक करायला गेली तर स्टुडंट लायसन्सची मर्यादा संपली. ‘अगं, हा आकडा थांबतच नाहीये,’ ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. कारण दोन दिवसांपूर्वीच तिनं काकांना ‘बहुतेक चालेल’ असं सांगितलं होतं.

तो आकडा थांबणारच नव्हता. आणि दोष सॉफ्टवेअरचाही नव्हता. पट्टीला गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो, हे १८९८ पासून माहीत आहे. भोक जितकं चपटं आणि टोकदार, तितका ताण जास्त. तड्याचं टोक गणितात अगदी धारदार असतं, म्हणून तिथला ताण गणितात अनंत. टोकाच्या जितकं जवळ जाल तितका तो वाढतो, आणि वाढतो तो अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. फरशी निम्मी म्हणजे आपण टोकाच्या दुप्पट जवळ जाऊन बघतोय, म्हणून आकडा दोनच्या वर्गमुळाच्या पटीनं, म्हणजे १.४ पट वाढतो. १९० ला १.४ नं गुणा, पुन्हा गुणा. अगदी तेच आकडे. म्हणजे १९० हा पट्टीबद्दलचा आकडा नव्हताच. तो तिनं निवडलेल्या फरशीच्या मापाबद्दलचा आकडा होता. प्रोजेक्टचा निष्कर्ष ज्या लाल ठिपक्यावर उभा होता, त्या ठिपक्याला काही अर्थच नव्हता.

मग तडा गेलेली वस्तू कशी तपासायची? याचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे, आणि मला ते फार आवडलं. ए. ए. ग्रिफिथ हा तरुण इंग्रज इंजिनिअर फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काचेचे धागे तोडून पाहत होता. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. टोकाशी ताण अनंत असेल, तर तडा गेलेली कुठलीही वस्तू फुंकरीनं तुटायला हवी. पण तडा गेलेला कप वर्षभर चहाला चालतो, हे तुमच्याही घरी घडतं. १९२१ मध्ये छापून आलेल्या निबंधात त्यानं ताणाचा नाद सोडून जमाखर्च मांडला. तडा थोडा पुढे गेला तर ताणलेल्या वस्तूतली किती ऊर्जा मोकळी होते, ती जमा. नवे दोन पृष्ठभाग तयार करायला किती ऊर्जा लागते, तो खर्च. जमा खर्चापेक्षा कमी असेल तोवर तडा जागचा हलत नाही. पुढे १९५७ मध्ये जॉर्ज अर्विन यांनी हाच हिशेब ‘के’ या एका आकड्यात बसवला. तड्याच्या टोकाकडे जाताना ताण किती जोरात चढत जातो, ते हा के सांगतो. आणि १९६८ मध्ये जेम्स राइस यांनी दाखवलं की टोकाला हात न लावता, त्याच्याभोवती लांबून फेरी मारूनही हा हिशेब काढता येतो. फरश्या थोड्या मोठ्या असल्या तरी हे आकडे स्थिरावतात. रूममेटच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय होती, तीन क्लिकवर. कुणी वापरली नव्हती, कारण तिथून रंगीत चित्र येत नाही, नुसता एक आकडा येतो.

इथपर्यंत तडा जागेवरच उभा आहे. तो चालायला लागला की खरी गंमत (आणि खरी डोकेदुखी) सुरू होते. चॉकलेटची वडी तोडा. ती खाचांवरच तुटते, तुम्हाला हवी तिथे नाही. फरश्यांच्या जाळीत तडा पुढे ढकलायचा तर तो फरश्यांच्या सांध्यांवरूनच जातो. म्हणजे तडा कुठे वळणार, हे पोलादानं ठरवण्याऐवजी तुम्ही काढलेल्या जाळीनं ठरवलं! यावर जुना उपाय असा की तडा जरा पुढे गेला की सगळ्या फरश्या उखडून त्याच्या वाटेप्रमाणे नव्यानं बसवायच्या. दर पावलाला. घराचं रिनोव्हेशन चालू असताना त्याच घरात राहण्यासारखं ते काम आहे.

१९९९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या टेड बेलिच्को आणि सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता काढला, एक्सएफईएम नावाचा. फरश्या आहेत तिथेच राहू द्या. ज्या फरशीतून तडा जातो तिच्या समीकरणातच सांगून टाका की ‘बाई, तुझे आता दोन भाग झालेत.’ तडा फरशीच्या पोटातून कुठूनही जाऊ शकतो. दुसरा रस्ता फेज-फील्डचा. त्यात तड्याला रेघ मानतच नाहीत. टिपकागदावर शाईचा थेंब पसरावा तसा तो एक अंधूक पट्टा असतो, शून्य म्हणजे धड, एक म्हणजे तुटलेलं, मध्ये सगळ्या छटा. तडा कुठे जाईल, त्याला फाटे फुटतील का, हे ग्रिफिथचाच जमाखर्च ठरवतो. मात्र पट्टा किती रुंद धरायचा ते तुम्ही निवडायचं, आणि फरश्या त्याहून बऱ्याच बारीक लागतात. तिसरा रस्ता २००० साली स्टुअर्ट सिलिंग यांनी अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत मांडला, पेरिडायनॅमिक्स. दहीहंडीचा थर आठवा. प्रत्येक गोविंदानं आजूबाजूच्या सगळ्यांना धरलेलं असतं, नुसतं शेजारच्याला नाही. पदार्थाचा प्रत्येक बिंदू तसाच ठरावीक अंतरातल्या सगळ्या बिंदूंना धरून असतो, धागा फार ताणला की तुटतो, आणि तुटलेल्या धाग्यांची रांग म्हणजे तडा. फक्त एक बिंदू किती लांबपर्यंत हात पोचवणार, हेही तुम्हीच ठरवायचं.

यातली कुठली पद्धत भारी, हे सांगायची माझी लायकी नाही. माझ्या लक्षात राहिलं ते इतकंच की प्रत्येक पद्धतीत कुठेतरी एक मूठ आहे, जी वापरणाऱ्यानं फिरवायची असते. फरशीचं माप, पट्ट्याची रुंदी, हाताची पोच. त्यात पुन्हा सुरुवातीचा तडा किती मोठा होता आणि ओढ किती होती, हेही तुम्हीच भरता. काकांची ट्रॉली घ्या. पट्टी एका झटक्यात तुटत नाही. गाडी हलताना, ब्रेक दाबताना, खड्ड्यातून जाताना बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याला तडा मिलिमीटरच्या अगदी बारीकशा अंशानं पुढे सरकतो. तो किती सरकेल, याचा नियम पॉल पॅरिस यांनी १९६१ मध्ये मांडला (त्यांचा लेख मोठ्या जर्नल्सनी नाकारला होता, शेवटी तो एका विद्यापीठाच्या छोट्या नियतकालिकात छापून आला. रिजेक्शन मेल आलेल्यांनी नोंद घ्यावी). पोलादाला हा नियम साधारण घनाच्या प्रमाणात लागू होतो. म्हणजे प्रत्येक हिसका २५ टक्क्यांनी वाढला की तडा जवळजवळ दुप्पट वेगानं वाढतो. आता मला सांगा, हंगामात ट्रॉलीत किती ऊस भरतात? कागदावर वेगळा, रस्त्यावर वेगळा. ग्रुपनं कागदावरचा धरला होता.

रूममेटनं ब्लॅक बुकमध्ये फेरफार केला. सुंदर चित्र खाली गेलं, वर तीन ओळींचा तक्ता आला: फरशीचं माप, ताणाचा आकडा, के चा आकडा. ताण थांबत नाही, के थांबतो. शेवटी निष्कर्ष: ‘प्रत्यक्ष भार आणि तड्याची खोली मोजल्याशिवाय पट्टी सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही.’ गाइड सरांनी समजावलं. सर वाईट नाहीत, त्यांना पोरांची काळजीच होती. ‘हा तक्ता कशाला घालता? परीक्षक यावरूनच पकडतील. निष्कर्ष पॉझिटिव्ह ठेवा.’ ग्रुपमधल्या दोघांचंही तेच म्हणणं पडलं. एकाला प्लेसमेटसाठी ग्रेड हवा होता आणि त्याला मी दोष देत नाही. दोन तास भांडण झालं. तक्ता राहिला.

मार्क कमी पडले. शेजारच्या ग्रुपच्या प्रोजेक्टमध्ये तडा पळतानाचा व्हिडिओ होता, संगीतासकट. त्यांना मेश साइज कुणीच विचारली नाही. मार्कांची विभागणी मी नंतर पाहिली: प्रेझेंटेशन, रिपोर्टची मांडणी, नावीन्य, निष्कर्ष. ‘उत्तर तपासलं का?’ असा रकाना नव्हता. माझा राग गाइड सरांवर नाहीये, त्या नसलेल्या रकान्यावर आहे. ज्या गोष्टीला मार्क नाहीत ती गोष्ट सबमिशनच्या आठवड्यात कोण करणार? तुम्ही केली असती का? मी नसती केली.

‘अगं, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, त्यावर कोण पूल बांधणार आहे,’ असं मला एका मित्रानं ऐकवलं. ठीक. मग कॉलेजच्या बाहेरचं ऐक, असं मी त्याला म्हटलं. २३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेत स्टाव्हेंगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर-ए नावाच्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया पाण्यात उतरवून तपासत होते. तो आत पाणी भरत हळूहळू खाली न्यायचा होता. साधारण ६५ मीटरवर आतल्या एका भिंतीला तडा गेला, पाणी घुसलं, पंप पुरे पडले नाहीत आणि अख्खा पाया खाडीच्या तळाशी जाऊन आपटला. भूकंपमापकावर ३ रिश्टरची नोंद झाली. जीवितहानी झाली नाही. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. चौकशीत काय निघालं? त्या भिंती जिथे मिळतात तिथे फायनाइट एलिमेंटच्या फरश्या फार ढोबळ आणि वेड्यावाकड्या घेतल्या होत्या. त्यामुळे तिथला कातर-ताण, म्हणजे भिंत कापू पाहणारा जोर, खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी दाखवला गेला. त्यावर विश्वासून भिंती पातळ ठेवल्या, आतल्या सळ्याही आखूड पडल्या. बुडाल्यानंतर नीट बारीक जाळी घेऊन पुन्हा गणित केलं, तेव्हा उत्तर आलं: ६२ मीटरवर फुटेल. फुटला होता ६५ वर. म्हणजे पद्धत बरोबर होती, नीट वापरली असती तर तिनं आधीच सांगितलं असतं. ती सगळी माणसं अनुभवी होती. त्यांच्याकडेही चित्र आलंच असणार, आणि ते दिसायला ठीकच असणार.

म्हणून मी सिम्युलेशनच्या विरोधात नाही. उलट. प्रत्येक पट्टी तोडून पाहता येत नाही, प्रत्येक विमान तर नाहीच. माझा आक्षेप आहे तो उत्तर माहीत असताना केलेल्या सिम्युलेशनला. पट्टी तुटलेली माहीत असते, मग सगळ्या मुठी फिरवून आपलं चित्र तिच्याशी जुळवायचं आणि ‘९८ टक्के अचूक’ लिहायचं. हे मी प्रदर्शनात किमान चार पोस्टरवर वाचलं.

आणि इथे मला सँडियाची एक भन्नाट गोष्ट सापडली. २०१२ च्या उन्हाळ्यात या प्रयोगशाळेनं जगभरच्या तज्ज्ञांना आव्हान दिलं. स्टेनलेस स्टीलचा एक तुकडा, त्याला खाच आणि काही भोकं. पोलादाची माहिती आणि ड्रॉइंग सगळ्यांना दिलं. प्रश्न: ओढल्यावर तडा कधी सुरू होईल, कुठल्या भोकातून कुठल्या भोकाकडे जाईल? तुकडे वेगळीकडे ओढून तोडले आणि निकाल बंद ठेवला. तेरा टीम्सनी भाकितं पाठवली. कुणी साधं हातगणित केलं, कुणी अगदी सूक्ष्म पातळीपासूनची अवाढव्य सिम्युलेशन्स. पाकीट उघडलं तर उत्तरांमध्ये प्रचंड तफावत. आयोजकांनी ते लपवलं नाही. निबंधात स्पष्ट लिहिलं की वेगवेगळ्या गटांच्या उत्तरांत एकवाक्यता नाही आणि अशा आंधळ्या परीक्षा अजून व्हायला हव्यात. पुढे अजून दोन वेळा घेतल्या. जगातले नावाजलेले लोक ‘आमचं चुकलं’ असं छापून मोकळे होतात आणि आपल्या थर्ड इयरच्या पोस्टरवर ९८ टक्के!

माझी सूचना यावरूनच आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या लॅबमध्ये यूटीएम असतंच, ते ओढून तोडायचं मशीन. वर्कशॉपमध्ये ड्रिल असतं. अ‍ॅक्रिलिकची पट्टी घ्या, तीन भोकं आणि एक खाच पाडा, ड्रॉइंग नोटीस बोर्डवर लावा. प्रत्येक ग्रुपनं आपलं भाकीत बंद पाकिटात द्यायचं: कितीला तुटेल, तडा कुठून जाईल, आणि फरशी निम्मी केल्यावर उत्तर किती हललं. मग सगळ्यांसमोर पट्टी ओढायची. भाकीत बरोबर आलं याला थोडे मार्क. का चुकलं हे नीट सांगता आलं, याला जास्त. टेकफेस्टला रोबो-वॉरसमोर गर्दी होते ना, याला पण होईल. पट्टी तुटायच्या आधीची ती शांतता पैसे देऊनही मिळत नाही.

एका सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘पोरं चुकीचं भाकीत करून मार्क मागतील.’ मागू देत की! न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरला आपण ‘एरर’ हा शब्द शंभर वेळा लिहितो. तो प्रोजेक्टमध्ये एकदाही येऊ नये असं आपल्याला का वाटतं?

आता काकांचं. रूममेटनं व्हायवाच्या दुसऱ्या दिवशी फोन केला. मी शेजारीच बसले होते. ‘काका, मला सांगता येत नाही. पट्टी बदला.’ पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग काका म्हणाले, ‘चार वर्षं शिकून सांगता येत नाही व्हय?’ हसत म्हणाले, पण म्हणाले. तिला लागलं ते. पट्टी मात्र त्यांनी त्याच आठवड्यात बदलली. जुनी पट्टी एसटीच्या पार्सलनं आमच्याकडे आली, सध्या ती तिच्या कॉटखाली आहे. सफाईवाल्या मावशींनी दोनदा भंगारात टाकायला काढली, दोनदा आम्ही ओढून परत घेतली. पुढच्या महिन्यात एका ओळखीच्या लॅबमध्ये ती यूटीएमवर लावायची आहे. तिनं भाकीत लिहून माझ्याकडे पाकिटात दिलंय. मी अजून उघडलेलं नाही.

तुमच्याकडे यूटीएम नसेल तर एक कोरा ए-फोर कागद घ्या. आडवा धरा. वरच्या कडेला दोन ठिकाणी कात्रीनं सारख्याच खोल चिरा द्या, म्हणजे कागदाचे साधारण तीन सारखे भाग दिसतील. आता डावी आणि उजवी कड दोन्ही हातांनी धरून सरळ बाजूला ओढायची आहे. कागदाचे तीन तुकडे होतील का दोन, आणि दोन झाले तर कुठल्या चिरेवर, हे आधी वहीत लिहा. मग ओढा. आमच्या मेसच्या टेबलावर पाच जणींनी लिहिलं होतं. दोघींचं बरोबर आलं. माझं चुकलं.